पाटीवरच्या सरस्वतीचे दागिने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसऱ्याला पाटीवर काढतात त्या सरस्वतीचे चांदीचे दागिने मी घडवते. दसरा जवळ आला की मला येणाऱ्या निरोपांचा सूर बदलतो. एरवी "किती दिवसांत मिळेल?" एवढंच विचारणारी माणसं आपल्या शाळेबद्दल, बाईंबद्दल, पाटीच्या फुटक्या कोपऱ्याबद्दल लिहू लागतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत, शक्यतो तुमच्याच शब्दांत. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा लिहिलेलं नाही; जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ही सरस्वती म्हणजे कोणती? वीणा घेतलेली देवी का?

नाही. दसऱ्याला पाटीवर काढतात ती. '१' हा आकडा ओळीने मांडायचा, खालच्या ओळींत एकेक कमी करत यायचं, वरच्याची शेपटी खालच्याच्या डोक्याला जोडायची. बघता बघता आकड्यांची जाळी तयार होते. तिला चेहरा नाही, हात नाहीत, हंस नाही की मोर नाही. तरी महाराष्ट्रात पाटीवर शिकलेल्या माणसाला ती दाखवा, तो लगेच "सरस्वती!" म्हणतो. ज्या मुलाला चित्र काढता येत नाही त्यालाही ही देवी काढता येते, कारण 'एक' तर पहिल्याच आठवड्यात येतो. मग हळदकुंकू, झेंडू, आपट्याचं पान, शेजारी पुस्तकांची चळत. आणि पुस्तकं पूजेला ठेवली म्हणून त्या दिवशी अभ्यास नाही, हा सगळ्यांत मोठा आनंद.

२. आमच्याकडे ती वेगळी काढायचे. तुमची चुकली आहे का?

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि तो थोड्या रागानेच येतो. मला तो राग आवडतो. आपल्या घरची सरस्वती हीच खरी, असं वाटण्याइतकी ती मनात पक्की बसलेली असते.

माझ्या आजीची सरस्वती चार, तीन, दोन, एक अशी उतरायची. माझ्याकडे नेहमी तयार असतो तो नमुना तोच, दहा आकड्यांचा. लोक फोटो पाठवतात त्यांत कुणाची सातपासून सुरू होते, कुणाची वर-खाली दोन्हीकडे निमुळती होऊन चांदणीसारखी दिसते, कुणाच्या एकांना डोक्याशी गाठ असते तर कुणाच्या एकाला नुसता बाक. काही घरांत खाली दोन पावलं काढतात. तुमची वेगळी असेल तर पाटीवर किंवा कागदावर काढून फोटो पाठवा. तीच बनवून देईन, त्याचे जादा पैसे नाहीत. फोटो कसा काढायचा ते प्रश्न १३ मध्ये आहे.

३. दागिना कशाचा असतो?

दोन प्रकार आहेत. 'तारेची' म्हणजे चांदीच्या तारेतून घडवलेली नुसती जाळी; गळ्यात घातली की मागचा कपडा तिच्यातून दिसतो. 'पाटीची' म्हणजे खऱ्या पाटीचा छोटा तुकडा चांदीच्या कोंदणात बसवलेला. चांदी दोन्हींत ९२.५ टक्के, उरलेलं ७.५ टक्के तांबं. शुद्ध चांदी इतकी मऊ असते की एवढ्या बारीक तारेचा आकार रोजच्या वापरात टिकत नाही. लटकन, कानातले, साडीला लावायची पिन आणि अंगठी एवढंच मी करते.

४. तारेची सरस्वती बनते कशी? साच्यात ओतता का?

साचा नाही. चांदी मुशीत वितळवून तिची कांडी ओततात, कांडी ठोकून लांबवतात आणि मग जंतरातून ओढतात. जंतर म्हणजे लहान होत जाणाऱ्या भोकांची पोलादी पट्टी. प्रत्येक भोकातून तार थोडी बारीक होऊन बाहेर येते. ओढता ओढता ती कडक होते, म्हणून मधूनमधून भट्टीत लाल करून थंड करावी लागते. ०.९ मिलिमीटरपर्यंत आली की थांबते. त्याहून बारीक तारेची रेघ पेन्सिलीसारखी दिसत नाही, सुतासारखी दिसते.

मग एकेक आकडा चिमट्याने वळवायचा. दहा आकडे वळवायला फार वेळ लागत नाही. खरं काम पुढे आहे: जोड. आकड्याला आकडा जोडायला डाक लागतो. डाक म्हणजे चांदीचाच मिश्रधातू, पण मूळ चांदीच्या आधी वितळणारा. शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. ९२.५ टक्क्यांची मात्र ८०० अंशांच्या थोडं पुढेच ढिली पडू लागते आणि ८९० च्या आसपास पूर्ण वितळते. म्हणजे डाक वाहील आणि तार वाहणार नाही, एवढ्याच फटीत हात चालवायचा. शिवाय नवा जोड तापवताना शेजारचा जुना सुटायला बघतो. म्हणून पहिले जोड कडक, म्हणजे उशिरा वितळणाऱ्या डाकाचे, नंतरचे मऊ, म्हणजे लवकर वितळणाऱ्या डाकाचे. जोडाला टाकणखार (बोरॅक्स) लावायचा, नाहीतर तांबं काळं पडतं आणि डाक पसरतच नाही.

ज्या सोनारकाकांकडे मी हे शिकले ते अजून बोटाच्या पेराने तार मोजतात आणि फुंकणीने ज्योत वळवतात. मी गॅसची बत्ती वापरते. पण तळाचा एकटा आकडा सगळ्यांत शेवटी जोडायचा, ही त्यांची शिस्त मी मोडलेली नाही. शेवटी तुरटीच्या पाण्यात उकळायचं, रिठ्याच्या पाण्याने आणि पितळी ब्रशने घासायचं. एका लटकनाला मला साधारण दीड दिवस लागतो.

५. रेषा वाकड्या आहेत, ओळ तिरकी उतरते. हा दोष समजायचा का? सरळ करून मिळेल का?

दोष नाही, आणि सरळ करून मिळणार नाही.

सुरुवातीला मी सरळ करत असे. एका बाईंनी त्यांच्या मुलाने बालवाडीत काढलेली सरस्वती पाठवली होती. तिसऱ्या ओळीत एक आकडा उलटा होता, आरशात दिसावा तसा. मला वाटलं, मुलाची चूक आहे, दागिन्यात कशाला राहू द्यायची? मी तो आकडा सुलटा केला, ओळी एका पातळीत आणल्या, वर चकाकी आणली. बाईंनी दागिना परत पाठवला. सोबतच्या चिठ्ठीत एकच वाक्य होतं: "तो उलटा एक कुठे गेला?" मुलगा तोवर इंजिनिअर झाला होता, घरापासून लांब होता. तो पाच वर्षांचा असतानाचं जे काही उरलं होतं, ते त्या उलट्या आकड्यात होतं. मी तेच पुसून टाकलं होतं. तो तुकडा वितळवून मी पुन्हा पहिल्यापासून बनवला.

तेव्हापासून नियम एकच. पाटीवर जे आहे तेच तारेत येईल. पेन्सिल जोरात दाबली गेली असेल तिथे तार थोडी चपटी करते. रेघ मधेच तुटली असेल तिथे फट राहते, मात्र दागिना सुटू नये म्हणून मागून बारीक आधार देते. हात कापला असेल तर तो कंपही राहतो. अगदी नीट, मोजूनमापून केलेली सरस्वती बाजारात यंत्राने कापलेली मिळते, स्वस्तही असते. ज्यांना तशी हवी आहे त्यांनी ती जरूर घ्यावी.

६. पाटी खरी दगडाची असते का? फुटणार नाही?

खरीच असते. पाटीचा दगड म्हणजे मातीचे थर जमिनीखाली दाबाने आणि उष्णतेने घट्ट होऊन झालेला खडक. तो थराथरांनी सुटतो, म्हणूनच त्याच्या पातळ सपाट पाट्या काढता येतात. आंध्र प्रदेशातलं मार्कापूर या कामासाठी प्रसिद्ध आहे. मी नव्या पाट्या फारशा आणत नाही. बंद पडलेली वह्या-पुस्तकांची दुकानं, जुन्या सामानाचे बाजार आणि तुमचे माळे, इथून मिळतात तेवढ्या पुरतात.

जो गुण तोच दोष: थरांनी सुटणारा दगड धक्क्यानेही थरांनीच सुटतो. म्हणून तुकडा ४ मिलिमीटरपेक्षा पातळ ठेवत नाही, कोपरे गोल करते आणि चारही बाजूंनी कोंदण घेते. बसवण्याआधी प्रत्येक तुकडा नखाने वाजवून बघते. खणखणीत वाजला तर चांगला. बद्द वाजला तर आत चीर आहे, तो बाजूला. तरी फरशीवर पडला तर टवका उडू शकतो. दगड बदलून देता येतो, कोंदण तेच राहतं.

७. त्या छोट्या पाटीवर खरंच लिहिता येतं?

येतं! पाटीच्या पेन्सिलीचा दगड पाटीपेक्षा मऊ असतो, म्हणून पेन्सिल झिजते आणि पांढरी रेघ उमटते. ज्यांना कोरलेली सरस्वती नको असते त्यांच्यासाठी मी कोरी पाटी बसवते, सोबत पेन्सिलीचा तुकडा देते. ओल्या बोटाने पुसा, हवेत हलवून वाळवा, पुन्हा लिहा. एका आजोबांनी नातीसाठी घेतली होती. त्या दोघांचा आता खेळ ठरलेला आहे: सकाळी आजोबा एक अक्षर लिहून ठेवतात, संध्याकाळी नात दुसरं. खडू वापरू नका, भुकटी कोंदणात बसते.

८. घरी जुनी पाटी आहे. मीच कापून दागिना बनवू का?

कृपा करून कोरडी कापू नका. पाटीच्या दगडात सिलिका असते. तिची बारीक धूळ श्वासातून फुप्फुसात जाते आणि तिथेच राहते. फुप्फुसं कडक होत जातात. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा होत नाही. मध्य प्रदेशातल्या मंदसौर भागात पाटीच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांना हा आजार मोठ्या प्रमाणावर झाला, कित्येक जण तरुण वयात गेले. आपण शाळेत दोन पैशांची म्हणून हरवत आलो ती पेन्सिल अशी बनत होती. मला हे उशिरा कळलं, आणि कळल्यापासून या दागिन्याविषयी बोलताना ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी दगड पाण्याच्या धारेखाली कापते, मुखपट्टी लावते, गाळ ओला असतानाच गोळा करते. तुम्हाला घरी काही करायचंच असेल तर अख्खी पाटी भिंतीवर लावा. नाहीतर पाठवून द्या, कापते मी.

९. कानातल्यात पाटीची पेन्सिलच लावून द्याल का?

मागणी खूप आहे, पण नाही. पेन्सिल दोन दिवसांत मोडते. शिवाय अनेकींनी प्रेमाने लिहिलंय की आम्ही लहानपणी पेन्सिली खायचो, अजूनही खाविशी वाटते. लहानपणीची ती गंमत मलाही आठवते. पण मोठेपणी खरोखर माती, खडू, पेन्सिल खाविशी वाटत असेल तर ते अंगात लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं. रक्त तपासून घ्या.

१०. चांदी काळी पडते का? काय काळजी घ्यायची?

पडते. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर काळा थर येतो. मुंबईत, कोकणात, गोव्यात दमट हवेने तो लवकर येतो. घातलेला दागिना ठेवलेल्यापेक्षा उजळ राहतो, कारण कपड्याने आणि कातडीने तो सतत पुसला जातो. काढून ठेवायचा असेल तर कोरडा करून हवाबंद पिशवीत ठेवा. रबरबँड लावू नका, रबरात गंधक असतं. अत्तर आधी, दागिना नंतर. पोहायच्या तलावात नको.

काळा झालाच तर भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल पसरा, तिच्यावर दागिना ठेवा, चमचाभर खायचा सोडा टाकून कढत पाणी ओता. चांदी फॉइलला टेकलेली हवी. गंधक ॲल्युमिनियमकडे जातं, चांदी मोकळी होते. थोडा कुजक्या अंड्यासारखा वास येईल, घाबरू नका. ही रीत फक्त तारेच्या दागिन्याला. 'पाटीच्या' दागिन्याला मऊ कोरडं कापड पुरे.

११. पण माझा दागिना मुद्दाम काळवलेला आहे. त्याला फॉइल चालेल?

अजिबात नाही. तो काळेपणा म्हणजे मी मुद्दाम आणलेला तोच गंधकाचा थर आहे. फॉइलमध्ये ठेवलात तर तो पाटीसारखा काळा रंग निघून जाईल. निघालाच तर परत पाठवा, पुन्हा काळवून देईन.

१२. हॉलमार्क असतो का? किंमत कशी ठरते? मोडीत किती येतील?

चांदीसाठी हॉलमार्क सध्या ऐच्छिक आहे. तुम्ही मागितला तर करून घेते. त्याला काही दिवस जास्त लागतात. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कसोबतही सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक येतो, तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. तारेच्या कानातल्यांवर मात्र छाप मारायला जागाच नसते, तिथे मी पावतीवर शुद्धता लिहून देते.

किंमत म्हणजे त्या दिवसाचा भाव गुणिले वजन, अधिक मजुरी, त्यावर ३ टक्के जीएसटी. तारेच्या लटकनात साधारण ६ ग्रॅम चांदी असते, म्हणजे किमतीतला मोठा भाग मजुरीचाच. मोडीत दिलात तर फक्त चांदीचे पैसे येतील. पाटीचं आणि मजुरीचं काही येणार नाही. बचत म्हणून घेणार असाल तर हा दागिना घेऊ नका, हे मी प्रत्येकाला आधीच सांगते.

१३. आईने किंवा मुलीने काढलेली सरस्वती पाठवायची आहे. फोटो कसा काढू?

पाटी जमिनीवर सपाट ठेवा. बरोबर वरून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढा. कडेला एक पट्टी ठेवा म्हणजे माप कळतं. हळदकुंकू वाहण्याआधी काढलात तर उत्तम, पण वाहिलेलं असलं तर पुसू नका. आणि मुलांना "नीट काढ, दागिना बनवायचाय" असं सांगू नका. सांगितलं की हात आखडतो आणि मला ते पेन्सिलीच्या रेघेत लगेच दिसतं.

१४. पाटी उरली नाही आणि काढणारं माणूसही उरलं नाही. आता काय करता येईल?

दोन-तीन वाटा आहेत. त्या माणसाच्या हातचा कुठलाही '१' शोधा: वाण्याच्या हिशेबाची वही, पत्रावरची तारीख, दिनदर्शिकेवर लिहिलेला दुधाचा रतीब, पुस्तकाच्या पहिल्या पानावरचं साल. एक आकडा मिळाला तर त्याच्यावरून मी दहा बनवते, आणि त्यांत थोडाथोडा फरक ठेवते, कारण कुणाचेच दहा एक सारखे येत नाहीत. एका मुलाला वडिलांचा फक्त एक '१' मिळाला, तोही विजेच्या बिलामागे. पुरला.

तेही नसेल तर तुम्ही स्वतः काढा. ज्यांनी तुमचा हात धरून शिकवलं त्यांचं वळण तुमच्या हातात थोडं तरी उतरलेलं असतं. मात्र एखादं आकड्यांचं वळण संगणकावरून घेऊन "बाबांसारखंच वाटेल" असं करा, ही विनंती मी मान्य करत नाही.

१५. देवीचं चिन्ह अंगावर घालणं योग्य आहे का? पाळीत, झोपताना, सुतकात काढावं का?

मी पुजारी नाही, दागिने घडवते. माझ्यापुरतं सांगते. ही सरस्वती दरवर्षी पाटीवर काढली जायची आणि पूजा झाली की पुसली जायची, कारण पाटी पुन्हा वापरायची असे. लहान मुलांनी शाईच्या, चिखलाच्या, खाऊच्या हातांनी ती काढली. तिला विटाळ होत नाही असं मला मनापासून वाटतं, आणि मी पाळीतही ती घालते. तुमच्या घरची रीत वेगळी असेल तर ती पाळा. पायातल्या दागिन्याचा प्रश्न वेगळा आहे, तो पुढे.

१६. जोडवी किंवा पैंजणात करून द्याल का?

सरस्वती नाही. पुस्तकाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो, ती सवय माझ्या हातातून जात नाही. पैंजण हवे असतील तर कोल्हापूरजवळच्या हुपरीचे घ्या. सगळं गाव चांदीवर उभं आहे आणि घुंगरांचं तसं काम मला जमणार नाही.

१७. आमच्या घरी सरस्वती काढत नसत. तरी पाटीचा दागिना हवा आहे. चालेल?

का नाही चालणार? पाटी सगळ्यांचीच होती. एका ताईंनी लिहिलं होतं की त्यांच्या घरी दसरा म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिन. बाबासाहेबांनी नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षा घेतली तो दिवस अशोक विजयादशमीचा होता. त्यांना सरस्वती नको होती, पण आजोबा वस्तीतले शाळेत गेलेले पहिले, आणि त्यांची पाटी अजून घरात आहे. त्या पाटीचा एक कोपरा आधीच तुटलेला होता. तोच तुकडा कोंदणात बसवला आणि त्यावर 'ग म भ न' कोरलं. माझ्या हातून झालेल्या कामांत मला तो सगळ्यांत जवळचा आहे.

तेव्हापासून 'ग म भ न' हा कायमचा नमुना झाला. मराठी लिहायला शिकताना आपण बहुतेक जण 'अ'च्या आधी याच चार अक्षरांतून गेलो, कारण त्यांची वळणं सोपी. मुस्लिम आणि ख्रिस्ती घरांतूनही तो मागवला जातो. शिक्षिकांना भेट द्यायला ३ जानेवारीच्या, म्हणजे सावित्रीबाई फुल्यांच्या जयंतीच्या सुमारासही बरीच मागणी असते.

१८. हा पारंपरिक मराठी दागिना आहे का? पैठणीवर शोभेल?

पारंपरिक नाही, मी तसं कधी म्हणत नाही. पण आपल्या जुन्या दागिन्यांची नावं एकदा मोठ्याने म्हणून बघा: बोरमाळ, जोंधळी पोत, तांदळी पोत, बकुळहार, मासोळ्या. अंगणात, शेतात, ओढ्यात रोज दिसणारं तेच गळ्यात आणि पायात आलं. पाटीवरचा आकडा त्याच वाटेने आला, एवढंच. पैठणीपेक्षा सुती साडीवर आणि कुर्त्यावर जास्त खुलतो.

१९. सोन्यात मिळेल का?

नाही. पाटीवरची रेघ पांढरट करडी असते, चांदीसारखी.

२०. पहिलीत जाणाऱ्या मुलीसाठी घेऊ का?

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी मुळीच नाही. तारेची टोकं आणि सुटणारे छोटे भाग धोक्याचे. पहिलीतल्या मुलीला साखळीऐवजी दप्तराला लावायची पिन द्या. खेळताना गळ्यातली साखळी अडकते.

२१. आम्ही परदेशात राहतो. मुलीला मराठी वाचता येत नाही, तिला हे काय आहे ते कळणार कसं?

डबीत एक साधी पाटी, तळहाताएवढी, आणि दोन पेन्सिली ठेवते. परदेशी पार्सलसाठी त्याचे वेगळे पैसे घेत नाही. दसऱ्याला तिच्याकडून एक '१' काढून घ्या. मग त्याच्या शेजारी दुसरा. चार झाले की खालची ओळ कुठून सुरू करायची हे ती स्वतःच विचारेल.